चौदा नंबरचा पाट

"बोलावलेल्यांना परत पाठवायचं कोणी?"

हा प्रश्न भगवान घरतने चार जणांना विचारला. आईला, गावच्या भगताला, महाप्याच्या साहेबाला आणि अंथरुणाला खिळलेल्या बहिणीला. आई रडायला लागली. भगत विडी विझवून उठून गेला. साहेब हसला. बहिणीला उत्तर ठाऊक होतं, पण तोवर तिची जीभ वळत नव्हती.

पोरांनो, जरा जवळ सरका. ट्रेलर आता पहाटेशिवाय येत नाहीत. कंटेनर यार्डाच्या कुंपणापलीकडे ते कौलारू घर दिसतंय ना, ओट्यावर कंदील लावलेलं? ते घरतांचं. भगवान तिथलाच. तुमच्याच वयाचा, एकवीस-बावीसचा. सातवीत शाळा सुटलेली, डोकं तापट, पण मनात पाप नाही. आधी हात उगारायचा, मग रात्रभर रडत बसायचा. आता जे सांगणार आहे त्याचा शेवट कोंडिबाच्या डोळ्यांसमोर घडला. कोंडिबा म्हणजे बेलापूरच्या संग्रहालयाचा वॉचमन. मूळचा साताऱ्याचा. आता तो खांदेश्वरला एका सोसायटीच्या गेटवर बसतो. खोटं वाटलं तर जाऊन विचारा. फक्त रात्री विचारू नका.

गोष्ट गेल्या वर्षीची, अठ्ठ्याण्णव सालातली. सुरुवात अगदी साधी. जुलैचा शेवटचा गुरुवार, दुपारची वेळ. भगवान आपल्या बहिणीला एम-एटी गाडीवर मागे बसवून जासईहून महाप्याला निघाला होता. बहिणीचं नाव वैजयंती, घरात वैजू. त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिच्या मांडीवर धुतलेल्या लुगड्यात गुंडाळलेला एक पाट होता. फणसाच्या लाकडाचा, बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेला. तो त्यांच्या आजीचा पाट.

तुमच्यात घाटावरची पोरं आहेत म्हणून सांगतो. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती मांडवात पाटावर बसते आणि धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते. घरतांच्या घरातली रीत अशी की धवलारीण आधी त्या घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन हाक मारते. या, तुमच्या लेकराचं लग्न आहे, मांडवात या. आणि लग्न लागलं की त्याच पाटावर बसून एकेकाला नाव घेऊन परत पाठवते. सगळे गेले की उठते आणि पाट उपडा करते. मग तिथे कोणी बसत नाही. आजी गेल्यावर हे काम वैजूकडे आलं. तिचा आवाज असा होता, की मांडवात भांडणारी माणसं गप्प व्हायची.

त्या वर्षी बेलापूरला नवं संग्रहालय उघडणार होतं. नव्या शहरात ज्या गावांच्या जमिनी गेल्या, त्या गावांची जाळी, मिठाची फावडी, नवरीचे दागिने, सगळं काचेत मांडायचं होतं. आणि त्यात एक नवी कल्पना होती. आत शिरणाऱ्याच्या गळ्यात एक यंत्र अडकवायचं. मोबाइलसारखं दिसणारं, अंगावर आकड्यांची बटणं असलेलं. हॅन्डसेट म्हणायचे त्याला. मोबाइल फक्त बिल्डरांच्या हातात दिसतो, त्यामुळे लोकांना केवढं अप्रूप! प्रत्येक काचेवर एक नंबर. तो दाबून यंत्र कानाला लावलं की त्या वस्तूची माहिती, गाणं, बोलणं, सगळं ऐकू यायचं. हे आवाज भरायचं आणि काचेची कपाटं मांडायचंही काम महाप्याच्या एका कंपनीकडे होतं. तिथला सौरभ साहेब अठ्ठावीस वर्षांचा, नुकताच परदेशात शिकून आलेला. वाईट माणूस नव्हता तो. घाईतला माणूस होता. संग्रहालय उघडलं की हॅन्डसेट वाटायच्या कामावर तुला लावतो, असं त्याने भगवानला कबूल केलं होतं.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे चार भिंतींना काळी गादी ठोकलेली. आत एसी, समोर काच, काचेपलीकडे साहेब. वैजू पाट मांडून खाली बसली. तिच्या तोंडासमोर माइक आणला.

"ताई, फक्त दीड मिनिट हां," साहेब म्हणाला. "एका नंबरला नव्वद सेकंदच जागा आहे."

"आनि पाठवनी?"

"ती नको. बोलावतात तेवढंच घ्या. आणि नावं कोणाचीही चालतील."

"कुनाचीपन कशी चालतील? ज्यांचा मांडव त्यांचीच नावां घेवाची."

"मग तुमच्या घरातली घ्या."

तिने भावाकडे पाहिलं. भावाने मान हलवली. मग तिने डोळे मिटले आणि आजोबाला, आजीला, बापाला हाक मारली.

"यावा जोमाबाबा, मांडवान यावा... यावा चांगूआये, मांडवान यावा... यावा सितारामबाबा, मांडवान यावा..."

काचेपलीकडचा लाल दिवा विझला. "ओके! मस्त! एका टेकमध्ये!" साहेबाने अंगठा दाखवला.

वैजू जागची हलली नाही.

"ताई, झालं."

"नाय झाला. पाठवनी झाल्याबिगर मी उठनार नाय. तुमी तुमचा बंद करा, मी माझा गातंय."

बाहेर दुसऱ्या रेकॉर्डिंगची माणसं खोळंबली होती. साहेबाने घड्याळ बघितलं आणि भगवानला बाजूला घेतलं. "भगवान, तुझ्या कामाचं मी सोमवारी वर बोलणार आहे. समजाव ना यार हिला."

भगवान आत गेला. बहिणीच्या दंडाला धरलं. "उठ ना गो. इथं काय लगीन लागलाय? वायरी हान नुसत्या."

"बारक्या, आयक. जितकी बोलावली तितकी पाठवाला लागतान. एक जरी उरला तरी पाट उपडा होत नाय."

"चल, नाटकां नको करू!"

आणि त्याने तिला ओढून उभं केलं. ती हलकीच होती. उठताना ती पाटाकडे वळली, पण तेवढ्यात साहेब आत आला. "अरे, हा पाट राहू दे इथे. क्लास आहे. डिस्प्लेला लावू."

"ठेवा साहेब," भगवान म्हणाला.

आजीचा पाट त्याने दोन शब्दांत देऊन टाकला. पाट तसाच, सुलटा राहिला.

परत येताना उरण फाट्यावर वैजूने मागून विचारलं, "बारक्या, गारी जड लागते का रं?"

"नाय," तो म्हणाला. पण रस्ता सपाट होता, आणि एम-एटी दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नव्हती.

त्याच रात्री वैजूला ताप भरला. पनवेलच्या डॉक्टरने सुया दिल्या, मेंदूत मलेरिया चढलाय म्हणाला. असेल. पण ताप उतरला की ती दाराकडे बघायची आणि बोटं मोडून मोजायची. तीनच बोटं. "दारान उभी हान. आत येत नाय, मागं जात नाय. भगवान्या, पाट आन रं. पाट उपडा करू दे माना."

भगवान महाप्याला धावला. पाट तिथे नव्हता, बेलापूरला गेला होता. बेलापूरला धावला. पाट काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, वर पितळी पट्टी, चौदा नंबर. त्याने साहेबाला फोन लावला, हात जोडून सांगितलं. पाच मिनिटं द्या. तिला टॅक्सीत घालून आणतो. पाटावर बसवतो. गाणं संपलं की घेऊन जातो.

"भगवान, तो आता एक्झिबिट आहे. कमिटीची परवानगी लागते. तू अर्ज कर, मी फॉरवर्ड करतो. टेन्शन घेऊ नकोस."

"पन साहेब, बोलावलेल्यांना परत पाठवायचं कोणी?"

साहेब हसला. वाईट नाही हसला. लहान मुलाने काही विचारावं तसा.

अर्ज लिहायला भगवानला दोन दिवस लागले. 'विनंती' हा शब्द तीनदा खोडला. गौरी गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी वैजू गेली. शेवटपर्यंत हाताची तीन बोटं दुमडलेली होती. सरळ करता आली नाहीत. तशीच जाळली.

दिवाळीत संग्रहालय उघडलं आणि साहेबाने शब्द पाळला. भगवानला काम मिळालं. निळा शर्ट, छातीवर नावाची पट्टी. टेबलामागे रॅकवर चोवीस हॅन्डसेट. आलेल्याच्या गळ्यात अडकवायचा, बटणं समजावायची, जाताना काढून घ्यायचा. रात्री सगळे चार्जिंगला लावायचे. लोक म्हणाले, बहीण गेली आणि हा तिचाच आवाज वाटत बसतो, काळीज कसलं याचं? खरी गोष्ट वेगळी होती. त्या पाटाजवळ राहायला त्याला दुसरी जागाच नव्हती.

आणि चौदा नंबर सगळ्यांना आवडला. पेपरात फोटो आला. दिवसातून साठ-सत्तर वेळा कोणीतरी ते बटण दाबायचं. दिवसातून साठ-सत्तर वेळा वैजू आपल्या माणसांना हाक मारायची. या, मांडवात या. आणि दीड मिनिटाला खाडकन बंद.

एकदा शाळेची सहल आली. एका पोराने हॅन्डसेट कानाला लावून चेहरा वेडावाकडा केला, "यावा, यावा, मांडवान यावा!" करून कंबर हलवली. पोरं खिदळली. भगवानने टेबलावरून उडी मारून त्याच्या कानाखाली वाजवली. मास्तर बोंबलले, साहेबाचा फोन आला. "अजून एकदा असं झालं तर मी काही करू शकणार नाही." त्या रात्री भगवान कोंडिबाच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला.

"मी ओढली तिला, मामा. हातानं ओढली. माझा हात तोडा कुनीतरी."

"गप रं लेकरा," कोंडिबा म्हणाला.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा असेल. एक म्हाताऱ्या बाई हॅन्डसेट परत द्यायला आल्या. डोळे पुसत होत्या.

"काय आवाज आहे हो! आणि चौघांना किती मायेने बोलावते."

"तिघांना, मावशी."

"नाही, चौघांना. जोमा, चांगू, सिताराम आणि वैजू."

भगवानने त्यांच्या गळ्यातून यंत्र जवळजवळ हिसकावलंच. चौदा दाबलं. जोमाबाबा. चांगूआये. सितारामबाबा. मग श्वास घेतल्याचा आवाज... आणि बहीण स्वतःलाच हाक मारत होती.

"यावा वैजूबाय, मांडवान यावा..."

दीड मिनिट. खाडकन बंद.

तो महाप्याला गेला. साहेबाने कॉम्प्युटर लावला, पडद्यावर हिरव्या रेघा नाचल्या. "बघ. तीन नावं. नव्वद सेकंद. यात एक श्वाससुद्धा जास्त मावत नाही. तुला आरामाची गरज आहे."

"मग चौदा नंबर पुसून टाका, साहेब. पाया पडतो."

"वेडा आहेस का? तोच तर आपला हिट नंबर आहे."

आता ती रात्र. नीट लक्षात ठेवा. बुधवार, अठरा नोव्हेंबर. कार्तिकातली अमावास्या लागत होती.

त्या दिवशी भगवान कामावर गेला नव्हता. आई, सुंदराबाई, दोन दिवस तापाने फणफणली होती. पनवेलचाच डॉक्टर, त्याच सुया. दिवेलागणीला तिने डोळे उघडले आणि दाराकडे बघून हसली.

"वैजू आयली रं."

भगवानने पेजेची वाटी खाली ठेवून दाराकडे बघितलं.

"आत ये बोलतंय तर येत नाय. उंबऱ्याचे भायेर उभी हाय. मानाच बोलावते."

"कोन कोन हाय, आये?"

आईने बोटं मोडायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. चार.

आणि पाचवं... अर्धं मोडलं. तिथेच थांबली. झोप लागली तिला.

भगवानने शेजारच्या भागीरथीकाकीला हाक मारली, आईजवळ बसवलं. काकीने विचारलं, एवढ्या रात्रीचा कुठे? तो म्हणाला, "चार्जिंग लावाचा राहिलाय." एम-एटीला किक मारली.

अकराला दहा कमी असताना तो संग्रहालयाच्या गेटवर पोचला. कोंडिबा मफलर गुंडाळून बसला होता.

"काय रं, आज सुट्टी न्हवं तुजी?"

"मामा, दार उघड. आनि माझ्यासंगं आत चल. एकच काम हाय तुझं. ऐकायचं."

आत सगळे दिवे बंद. फक्त रॅकवर चोवीस हिरवे ठिपके. सगळे हॅन्डसेट चार्ज झालेले होते. भगवानने त्यातला एक काढला, चौदा दाबलं आणि कोंडिबाच्या हातात दिला.

"माझ्यानं ऐकवत नाय. कोनाची नावां येतान तेवढा सांग."

कोंडिबाने कानाला लावला. मोठ्याने सांगत गेला. "जोमाबाबा... चांगूआये... सितारामबाबा... वैजूबाय..."

थांबला.

"अजून?"

"सुंदराआये."

भगवान काचेच्या कपाटासमोर जाऊन मांडी घालून बसला. आत पाट होता. काचेला कुलूप होतं. किल्ली साहेबाच्या घरी, खांदेश्वरला. कोंडिबाला वाटलं, हा आता काच फोडणार. याचा हात असाच चालतो. पण त्याने काचेवर नुसता तळवा टेकवला. मायेने. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"मी गातंय आता. तू ऐकत राहा, मामा. कोन उरलाय ते सांग."

पुरुषाने धवला गायचा नसतो. त्याला येतही नव्हता. लहानपणी आजीच्या आणि मग बहिणीच्या मागे मांडवांतून फिरला होता, लाडू मिळतात म्हणून. तेवढंच कानात राहिलेलं. आवाज घोगरा, फाटलेला. शब्द अडखळत होते.

"जावा जोमाबाबा... सुखान जावा... आयलात तशे जावा..."

कोंडिबाच्या कानात गाणं संपलं आणि पुन्हा सुरू झालं. बटण दाबलंच नव्हतं.

"चांगूआये... सितारामबाबा... वैजूबाय... सुंदराआये..."

"जोमा न्हाई आला," कोंडिबा म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज त्याला ओळखू येईना.

"जावा चांगूआये... सुखान जावा..."

तीन नावं उरली.

"जावा सितारामबाबा..."

बाप गेला तेव्हा भगवान नऊ वर्षांचा होता. त्याने नाक मनगटाला पुसलं. पुढे गायला.

दोन उरली.

आता रॅकवरून आवाज यायला लागला. बारीक. डासांचा थवा घोंगावावा तसा. कोंडिबाने वळून बघितलं. उरलेले तेवीसच्या तेवीस हॅन्डसेट बोलत होते. एकाच वेळी. एकाच आवाजात.

"यावा वैजूबाय... यावा सुंदराआये..."

भगवानने काचेवरचा तळवा काढून घेतला.

"बाळा... म्होरं म्हन," कोंडिबा म्हणाला.

"एकदा म्हटलां की ती जाईल, मामा. मग हा आवाज पन जाईल."

"व्हय."

"तिला मी ओढून उठवली. आता हाकलू पन मीच?"

काचेवर आतून धुकं धरल्यासारखं झालं होतं. एसी बंद होता.

मग भगवान काचेकडे तोंड करून बोलला. गायला नाही. बोलला.

"वैजू, माफ कर गो. चुकला माझा." आणि मग हळू गायला, "जावा वैजूबाय... सुखान जावा..."

घोंगावणं खाली आलं.

एकच नाव उरलं.

"सुंदराआये... सुंदराआये... सुंदराआये..."

दीड मिनिटाचं गाणं नव्हतं आता. खंड नव्हता. हाकेवर हाक. चोवीस तोंडं. एक नाव. आणि आवाज वैजूचाच होता, पण त्यात वैजू नव्हती. ती तर गेली होती... मग हाक कोण मारत होतं?

"मामा, पाच बोलावली."

"व्हय."

"पाचच पाठवाला लागतील. एक कमी चालत नाय. तिनंच सांगितला होता."

"आरं पन तुजी आय जिती हाय!" कोंडिबा ओरडला. "तिचं नाव घेतलंस तर..."

"माहीत हाय."

भगवानने मागे वळून बघितलं. कोंडिबा सांगतो, पोरगं हसत होतं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. उरसात पाळण्यात बसायला निघालेल्या पोरासारखं.

"मामा, आईला सांग, पेज चुलीवर झाकून ठेवलीय."

"भगवान... आरं..."

तो काचेकडे वळला. ताठ बसला. आवाज आता अडखळला नाही.

"जावा... भगवानबाबा... सुखान जावा..."

शांत.

सगळं शांत.

चोवीस ठिपके विझले. कोंडिबाच्या हातातलं यंत्र थंड पडलं. आणि त्या अंधारात एक आवाज झाला. जड लाकूड फरशीवर पडावं तसा. एकदाच.

ठप्प.

कोंडिबाने बॅटरी लावली तेव्हा भगवान तसाच बसलेला होता, मांडी घालून, कपाळ काचेला टेकवून. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. अंग गार होतं, बराच वेळ झाल्यासारखं. उजवा हात मांडीत, पाचही बोटं मोकळी.

साहेबाला रात्री पावणेबाराला फोन केला. त्याने आधी विचारलं, "काच फुटली का?"

इकडे जासईला त्याच सुमारास सुंदराबाई उठून बसली. ताप खडखडीत उतरला होता. भूक लागली म्हणाली. भागीरथीकाकीने चुलीवरची पेज वाढली. वाटीभर खाऊन झाल्यावर तिने विचारलं, "माझा भगवान्या कया गेला?" काकीला माहीत नव्हतं. नंतर सगळ्या गावाला माहीत झालं, पण तिला सांगायला कोणी पुढे झालं नाही. ती अजून आहे. त्या घरात एकटी. बोलावणारं कोणी राहिलं नाही आणि पाठवणारंही नाही. ओट्यावर तो कंदील दिसतोय ना, तो तीच लावते. रात्री पोरगा येईल म्हणून.

चौदा नंबर दाबला की आता दीड मिनिट नुसती खरखर येते. साहेबाने तीनदा नवं रेकॉर्डिंग भरलं. मग नाद सोडला.

पण पोलीस आले तेव्हाचं एक राहिलं. पंचनामा करायचा म्हणून साहेबाला खांदेश्वरहून किल्ली घेऊन बोलावलं होतं. कुलूप जसंच्या तसं. काच अखंड. हवालदाराने कपाट उघडलं, आत बॅटरी मारली आणि वहीत काय लिहावं ते त्याला कळेना. आत धूळ होती, पंधरा दिवसांची, तिच्यावर बोटाचा ठसा नव्हता.

आणि त्या धुळीत पाट उपडा पडला होता.